जुन्या शाफ्टमध्ये व्हीलचेअर मावेल अशी लिफ्ट बसवायची आहे: मापं, परवानगी, तपासणी

सचिव_सीविंग

नमस्कार मंडळी. सोसायटी महाराष्ट्रातली, मुंबईबाहेरच्या एका महापालिकेच्या हद्दीतली. स्टिल्ट अधिक सहा मजले, १९९४ चं बांधकाम, लिफ्ट एकच. चार माणसांची, २७२ किलोची, केबिनला आणि मजल्यावर दोन्हीकडे जाळीचे ओढायचे दरवाजे. मशीन रूम गच्चीवर आहे. वेग ०.६८ मीटर प्रतिसेकंद असं पाटीवर लिहिलंय.

लिफ्ट बदलायची हे सर्वसाधारण सभेत ठरलंय. दोन घरांत व्हीलचेअर आहे, वॉकर वापरणारे आणखी काही जण आहेत. सध्या व्हीलचेअर घडी करून वेगळी न्यावी लागते.

मापं (मिलिमीटरमध्ये): शाफ्ट (लिफ्टची उभी विहीर) आतून १७०० रुंद, १६५० खोल. पिट (शाफ्टच्या तळाचा खड्डा) १३५०. केबिन आतून ११०० रुंद, ७०० खोल. काउंटरवेट (केबिनला तोलणारं, उलट दिशेने वर-खाली जाणारं वजन) मागच्या भिंतीला. दाराची चौकट ८००. पार्किंगपासून लिफ्टच्या पहिल्या थांब्यापर्यंत तीन पायऱ्या, एकूण चढ ४५०.

तीन कंत्राटदारांचे तीन प्रस्ताव आहेत:
अ) केबिन तीच, फक्त ऑटोमॅटिक दरवाजे.
ब) सहा माणसांची, केबिन ११०० × १०००, मधून उघडणारं ७०० चं दार.
क) आठ माणसांची, मशीन रूम काढून एमआरएल (मशीन रूम नसलेली लिफ्ट). केबिनची मापं दिलेलीच नाहीत.

यात व्हीलचेअर नक्की कशात जाईल? परवानगी कोणाकोणाची लागते? आणि कायद्याने हे सोसायटीवर बंधनकारक आहे का? सभासदांत दोन गट पडलेत, म्हणून विचारतोय.

---

ओळंबा

आधी मापाबद्दल. तुम्ही शाफ्ट एकाच मजल्यावर मोजलेला दिसतोय. त्या काळातला शाफ्ट सात थांब्यांत सरळ ओळंब्यात असणं जवळपास अशक्य. मशीन रूमच्या स्लॅबपासून पिटपर्यंत चारही कोपऱ्यांत पियानो वायर सोडा, खाली वजन बांधून ते तेलाच्या डब्यात बुडवा (नाहीतर वायर डोलत राहते), आणि प्रत्येक मजल्यावर वायरपासून चारही भिंतींचं अंतर लिहा. लिफ्टसाठी धरायचं माप म्हणजे या सगळ्यांतून उरलेला सर्वांत लहान उभा चौकोन. पंचवीस ते चाळीस मिमी गेले तर दचकू नका, मात्र केबिनची ऑर्डर त्यानंतरच द्या. कंत्राटदाराने हे न करता ड्रॉइंग दिलं असेल तर ते ड्रॉइंग म्हणजे अंदाज.

आता प्रस्ताव.

अ मध्ये व्हीलचेअरचा प्रश्नच येत नाही. ७०० खोलीत खुर्ची सरळ जात नाही आणि ११०० रुंदीत आडवी वळत नाही. शिवाय आतल्या बाजूला ऑटोमॅटिक दाराची यंत्रणा आली की ती जागा केबिनमधूनच जाते.

ब ऐकायला बरा वाटतो, पण खुर्ची अडते. साधी हाताने चालवायची खुर्ची पायठेवणीसह १०५० ते १२०० लांब असते आणि माणसाची पावलं तिच्याही पुढे येतात. १००० खोलीत दार बंद होणार नाही. ७०० च्या दारातून ६५० ची खुर्ची कागदावर जाते, पण चाक ढकलायच्या रिंगवरची बोटं चौकटीला घासतात.

गोची काउंटरवेट मागे असण्यात आहे. १६५० मधून पुढची दारं साधारण २३० खातात: मजल्याच्या दाराचा उंबरठा, मधली ३० ची फट, केबिनच्या दाराचा उंबरठा. मागे काउंटरवेट, त्याचे रेल आणि मोकळीक धरून साडेतीनशेच्या आसपास. केबिनच्या भिंती वजा केल्या की हजारच उरतात. ब वाल्याने गणित चुकवलेलं नाही, काउंटरवेट हलवायचा विचार केलेला नाही.

काउंटरवेट बाजूच्या भिंतीला घेतलं तर चित्र पालटतं. खोली: १६५० वजा दारं २३०, मागची मोकळीक ५०, मागची भिंत ३०, म्हणजे १३४० आतून. रुंदी: १७०० मधून काउंटरवेटच्या बाजूला रेलसह सुमारे ४००, दुसऱ्या बाजूला रेल, ब्रॅकेट आणि मोकळीक १९०, दोन्ही भिंती ६०, म्हणजे १०५० आतून. क्षेत्रफळ १.४ चौरस मीटर, अर्थात जुन्या भारतीय पद्धतीने माणशी ६८ किलो धरून आठ माणसं, ५४४ किलो. खुर्ची सरळ आत जाते; मागे माणूस उभा राहील का हे खुर्चीच्या लांबीवर ठरतं. वळता येत नाही, उलटं बाहेर यावं लागतं. ओळंब्यात तीस मिमी गेले तरी हा मेळ टिकतो.

दारासाठी नियम सोपा आहे. मधून उघडणाऱ्या दाराला मोकळ्या रुंदीच्या दुप्पट अधिक दीडशेच्या आसपास जागा लागते. एका बाजूला सरकणाऱ्या दोन पानी टेलिस्कोपिकला दीडपट अधिक तेवढीच. म्हणजे ८०० चं मधून उघडणारं दार १७०० च्या शाफ्टमध्ये बसत नाही, पण ९०० चं टेलिस्कोपिक बसतं. ते संथ असतं अशी तक्रार होते. सहा मजल्यांच्या इमारतीत दोन सेकंदांनी काही बिघडत नाही.

९०० साठी सध्याची ८०० ची चौकट मोठी करावी लागेल. बाजूची भिंत विटांची असेल तर लिंटेल घालून कापता येते. आरसीसी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय ब्रेकर लावू देऊ नका. प्रत्येक मजल्यावर वेगवेगळी परिस्थिती निघू शकते, तेव्हा सातही ठिकाणचा गिलावा थोडा फोडून बघा.

क बद्दल: मशीन रूम आहेच, मग ती का काढायची? एमआरएलचं मशीन शाफ्टच्या आतच, वरच्या टोकाला बसतं, त्यामुळे दुरुस्तीला माणूस केबिनच्या छतावर चढतो. जिथे मशीन रूम बांधायला जागाच नाही तिथे एमआरएल ठीक. काउंटरवेट बाजूला नेल्यावर दोर खाली सोडायच्या जागा बदलतात, म्हणून मशीन फिरवून बसवणं, दोराची दिशा वळवणारी डायव्हर्टर पुली घालणं आणि स्लॅबमध्ये नवी भोकं पाडणं हे काम आहेच. भार २७२ वरून ५४४ होतो, केबिन जड होते, आणि काउंटरवेट म्हणजे केबिनचं वजन अधिक भाराचे ४० ते ५० टक्के, म्हणजे तेही वाढतं. हे सगळं वजन मशीनखालच्या बीमवर येतं. मशीन रूमचा स्लॅब आणि खालच्या भिंती तपासल्याचं प्रमाणपत्र आधी, ऑर्डर मागाहून.

वेग ०.६८ च ठेवा. अठरा मीटर प्रवासाला तीस सेकंदांच्या आसपास लागतील. १ मीटरचा वेग घेतला की पिट आणि वरची मोकळीक दोन्ही वाढवून मागतील, आणि पायाजवळ पिट खोल खणणं ही भलतीच जोखीम आहे.

---

नियमावली

ओळंबा यांच्या मापांशी सहमत. कायद्याची बाजू मांडतो. तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यामुळे तुमच्या सभेत वाद होतोय.

पहिली, लिफ्टचा स्वतःचा कायदा. राज्यात आधी १९३९ चा मुंबई लिफ्ट कायदा आणि त्याखालचे १९५८ चे नियम होते. आता २०१७ चा महाराष्ट्राचा लिफ्ट, सरकते जिने आणि सरकते मार्ग यांचा कायदा आहे. रचना दोन टप्प्यांचीच आहे: उभारणीपूर्वी परवानगी, आणि उभारणीनंतर तपासणी होऊन चालवण्याचा परवाना. दोन्ही लिफ्ट इन्स्पेक्टरकडून, म्हणजे राज्याच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेकडून. महापालिकेकडून नव्हे. ‘जुना परवाना आहे, त्यावरच चालेल’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. केबिनचं माप, भार, दाराचा प्रकार बदलला की तो जुन्या परवान्यात बसत नाही. अर्ज सोसायटीच्या नावाने, ड्रॉइंग आणि काम परवानाधारक लिफ्ट कंत्राटदाराचं. त्या कंत्राटदाराच्या परवान्याची प्रत आणि मुदत कार्यादेश देण्याआधी फाइलला लावा.

दुसरी, इमारतीचे नियम. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं वगळता राज्यात २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबईत ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४’ (२०३४ पर्यंतच्या आराखड्यासाठीची). भिंत किंवा स्लॅब कापायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र जोडून महापालिकेच्या बांधकाम विभागाकडून त्या कामाची परवानगी घ्या. शाफ्ट इमारतीबाहेर नव्याने उभारायचा असता तर सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) आणि अग्निशमन गाडीची वाट हे प्रश्न आले असते. तुमच्या बाबतीत शाफ्ट आहे तिथेच आहे, त्यामुळे प्रकरण सोपं आहे.

अडथळामुक्त वापरासाठीच्या तरतुदींत लिफ्टचं माप नेहमी असं दिलेलं दिसेल: आतून ११०० खोल, २००० रुंद, दार ९००. ही तेरा माणसांची, ८८४ किलोची केबिन. बटणांच्या पट्टीशेजारी किमान ६०० लांबीचा कठडा १००० उंचीवर, लिफ्टसमोर १८०० × १८०० मोकळी जागा, दार आपोआप बंद व्हायला किमान ५ सेकंद, बंद होण्याचा वेग सेकंदाला ०.२५ मीटरपेक्षा जास्त नाही, आणि मजला आला, दार उघडलं की मिटलं हे आवाजाने कळलं पाहिजे. ही मापं प्रामुख्याने लोकांची ये-जा असणाऱ्या इमारतींसाठी आहेत. तुमच्या १७०० च्या शाफ्टमध्ये २००० रुंदीची केबिन बसणार नाही, हे उघड आहे. पण म्हणून बाकीचं सोडून द्यायचं असं नाही. वेळ, वेग, कठडा, आवाज यांना शाफ्टचं माप आडवं येत नाही.

तिसरी, २०१६ चा दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा. कलम ४४ नुसार प्रवेशयोग्यतेची मानकं न पाळणाऱ्या नव्या बांधकामाला परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुलभ करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. ‘सार्वजनिक इमारत’ची व्याख्या मालकी बघत नाही, वापर बघते: खासगी असली तरी लोक जिथे येतात ती कामाची, व्यापाराची, शिक्षणाची, उपचाराची जागा त्यात येते. तुमच्याकडे खाली दवाखाना, क्लास किंवा ऑफिस आहे का, हे म्हणूनच महत्त्वाचं. निव्वळ राहती जुनी सोसायटी असेल तर कलम ४५ ची मुदत दाखवून सभासदांना धाक घालू नका, मुद्दा तिथे अडकेल.

शिवाय ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात केंद्राच्या नियमांतला नियम १५(१) कायद्याच्या विरोधात ठरवला. कारण त्यातली मानकं शिफारशीच्या भाषेत होती, आणि कायदा सक्तीची भाषा बोलतो. किमान बंधनकारक मानकं वेगळी काढा, असा आदेश झाला. त्यामुळे आज नवी लिफ्ट घेताना जुन्या किमान मापावर अडून राहणं व्यवहारालाही धरून नाही. एकदा बसवलेली केबिन पुढची वीस-पंचवीस वर्षं कोणी बदलत नाही.

---

एकास_बारा

लिफ्ट कितीही चांगली घेतली तरी त्या तीन पायऱ्या तशाच असतील तर खुर्ची पार्किंगमध्येच राहील. पैसे लिफ्टवर संपायच्या आत याचा विचार करा.

उताराचं प्रमाण १:१२. चढ ४५० म्हणजे उताराची लांबी ५४०० मिमी. वर आणि खाली दोन्ही टोकांना किमान १५०० × १५०० सपाट जागा धरा, म्हणजे सरळ रेषेत जवळपास साडेआठ मीटर झाले. स्टिल्टमध्ये एवढी सरळ लांबी सहसा मिळत नाही. मग मध्ये सपाट टप्पा देऊन काटकोनात किंवा उलट दिशेला वळवा. टप्प्यावर उतार नको आणि वळणावर तिरका तर अजिबात नको, खुर्चीचं एक चाक हवेत राहतं. रुंदी कठड्यांच्या आत किमान १२०० ठेवा. सार्वजनिक इमारतींच्या नियमात १८०० आहे, जागा असेल तर तेवढी द्या. कठडा दोन्ही बाजूंना, दोन उंचीवर: वरचा ९०० च्या आसपास, खालचा ७०० च्या. भिंतीपासून ५० मोकळे, नाहीतर बोटं अडकतात. कडेला किमान ७५ उंचीची कड, म्हणजे चाक घसरून खाली जात नाही.

बऱ्याच इमारतींत पायऱ्यांच्या कडेला सिमेंटची एक उभट पट्टी ओतलेली असते, सिलिंडर आणि स्कूटरसाठी. ४५० चा चढ दीड मीटरमध्ये, म्हणजे १:३.३. त्यावरून माणूस बसलेली खुर्ची न्यायची म्हणजे ढकलणाऱ्याचीही परीक्षा. उतरताना हात सुटला तर थांबवता येत नाही. ‘रॅम्प आहे ना’ असं कोणी सभेत म्हणालं तर टेप घेऊन जा.

उतारासाठी दोन पार्किंगच्या जागा जात असतील आणि त्यावरून रण माजणार असेल तर खुर्चीसकट वर उचलणारा छोटा उभा प्लॅटफॉर्म हा पर्याय आहे. तो संथ असतो, सेकंदाला फार तर ०.१५ मीटर, आणि बटण दाबून धरलं तरच चालतो. पण त्याला वीज लागते, देखभाल लागते आणि पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी साचत असेल तर तो पहिल्यांदा बंद पडतो. उतार बंद पडत नाही. माझं मत उताराच्या बाजूने.

लिफ्टचा पहिला थांबाच पार्किंगच्या पातळीला खाली घ्या, असंही सुचवतील. तुमचा पिट १३५०, त्यातून ४५० गेले की ९०० उरतात. पिटमध्ये काम करणाऱ्या माणसाला केबिन पूर्ण खाली आली तरी जीव वाचवायला जागा राहिली पाहिजे. ९०० मध्ये बफर (केबिनचा धक्का झेलणारा भाग) आणि ती जागा दोन्ही बसवणं अवघड आहे.

आता केबिनच्या आतलं, कंत्राटात शब्दशः लिहून घ्यायचं:

बटणांची पट्टी बाजूच्या भिंतीवर, बटणं जमिनीपासून ९०० ते १२०० च्या पट्ट्यात, पुढच्या-मागच्या कोपऱ्यापासून किमान ४०० आत. कोपऱ्यातल्या बटणापर्यंत खुर्चीतल्या माणसाचा हात पोहोचत नाही, कारण आधी पायठेवणी भिंतीला लागते. बटण दाबल्याचं बोटाला कळलं पाहिजे. काचेवरची स्पर्शाने चालणारी गुळगुळीत बटणं घेऊ नका, अंध माणूस चाचपताना सगळ्याच मजल्यांची बटणं लागतात. आकडे उठावदार, शेजारी ब्रेल. आणि ब्रेल बटणावर नको, बटणाच्या बाजूला हवी, नाहीतर वाचतानाच बटण दाबलं जातं.

मागच्या भिंतीवर आरसा हवाच, कारण १०५० रुंदीत खुर्ची वळणार नाही. उलटं बाहेर येताना मागे कोणी उभं आहे का, उंबरठा कुठे आहे, हे आरशातच दिसतं. म्हणून आरशाची खालची कड कठड्याच्या खाली यायला हवी. चेहरा बघण्यापुरता वरचा तुकडा उपयोगाचा नाही.

मजल्याची घोषणा मराठीत हवी, आणि नुसती ‘दरवाजा उघडत आहे’ नको, मजल्याचा आकडा हवा. बाहेर लिफ्ट वर जाणारी आहे की खाली, हे एक टिंग आणि दोन टिंग यांनी कळवण्याची पद्धत आहे. एकच लिफ्ट असली तरी ती ठेवा.

नियमावली यांच्याशी एक मतभेद. १८०० × १८०० ची समोरची जागा तुमच्या लॉबीत नसेल, पण तिथे ठेवलेले चपलांचे रॅक आणि कुंड्या हलवल्यावर किती जागा होते ते आधी मोजा. बऱ्याचदा माप नियमात बसतं, सामान बसत नाही.

---

सचिव_सीविंग

खूप आभार. खाली दवाखाना नाही, पण पहिल्या मजल्यावर शिकवणी वर्ग चालतो. हे माहीत असूनही लक्षात आलं नव्हतं.

आणखी दोन प्रश्न. नवीन लिफ्टचं सगळं होईपर्यंत सहा-आठ महिने सहज जातील, तोवर जुन्या जाळीच्या लिफ्टचं काय करायचं? आणि नवीन लिफ्ट ताब्यात घेताना काय काय तपासायचं? आमच्यात कोणी तांत्रिक माणूस नाही.

---

ओळंबा

शिकवणी वर्ग आहे, म्हणजे नियमावली यांनी सांगितलेला वापराचा मुद्दा तुम्हाला लागू होऊ शकतो. तो वकिलाकडून तपासून घ्या.

जुन्या लिफ्टचं. जाळीच्या दरवाजाचा खरा धोका कुलपात आहे. मजल्यावरच्या दरवाजाला यांत्रिक कुलूप आणि विजेचा संपर्क दोन्ही असतात. दार पूर्ण लागल्यावर खटका किमान ७ मिमी आत शिरला पाहिजे आणि त्यानंतरच लिफ्टला निघायची परवानगी मिळाली पाहिजे. जुन्या दारात जाळी ओढून ओढून ढिली होते, खटका नीट बसत नाही, लिफ्ट मध्येच थांबायला लागते. मग तक्रारी थांबवायला कोणीतरी तो संपर्क वायरच्या तुकड्याने जोडून ठेवतो. लिफ्ट ‘एकदम नीट’ चालायला लागते, कारण दार उघडं असतानाही ती चालते. ही सगळ्यांत जीवघेणी दुरुस्ती.

तपासणी देखभालवाल्या मेकॅनिकला समोर उभं करूनच करायची, सभासदांनी एकट्याने नाही. केबिन दुसऱ्या मजल्यावर असताना बाकीच्या प्रत्येक मजल्यावर दार हाताने ओढून बघा: उघडता कामा नये. केबिन चालू असताना मेकॅनिकने एका मजल्याचं दार कुलपाच्या किल्लीने जरासं सोडलं की लिफ्ट जागीच थांबली पाहिजे. सातही मजल्यांवर, एकेक करून. मग कंट्रोलर उघडून एकही जादा जोडवायर नाही हे दाखवायला सांगा आणि तसं लॉगबुकात सहीने लिहून घ्या. ‘कृपया दरवाजा बंद करा’ हा आवाज बंद करायला लावणारे सभासद असतात. त्यांना नकार द्या.

जाळीतून मुलांची बोटं आणि पाय बाहेर जातात आणि सरकत्या भिंतीला लागतात. तोवर केबिनच्या जाळीला आतून जाड पारदर्शक पॉलिकार्बोनेटची पट्टी लावतात काही जण, पण जाळी घडी होताना ती अडकते आणि नवी अडचण होते. त्यापेक्षा लहान मुलं एकटी जाणार नाहीत हा नियम पाळा.

दोरांचं: मूळ व्यासापेक्षा दहा टक्के बारीक झालेला दोर बदलायचाच. तुटलेल्या तारा एका जागी जास्त दिसल्या तरी बदलायचा. एकच दोर बदलू नका, अख्खा संच बदला, नाहीतर ताण सारखा बसत नाही.

आता नवी लिफ्ट ताब्यात घेताना. इन्स्पेक्टरची तपासणी होईलच, पण त्या दिवशी तुमचा माणूस हजर असू द्या आणि खालचं आधी करून घ्या. नवं मानक आयएस १७९०० आहे, आधीचं आयएस १४६६५. निविदेत कोणतं धरलंय ते लिहून घ्या, नाहीतर वाद होतो.

पातळी: प्रत्येक मजल्यावर रिकाम्या केबिनने आणि पूर्ण भाराने. उंबरठ्यातला फरक १० मिमीच्या आत. हे नीट बघा, पुढचं चाक लहान असतं आणि ते १५ मिमीच्या कडेला अडकतं. दोन उंबरठ्यांतली फट ३५ च्या वर नको, जितकी कमी तितकं बरं.

दार: दारात अडथळा ओळखणारा पडदा-सेन्सर जमिनीपासून २५ मिमीपासून १६०० पर्यंत पकडतो का, ते ५० मिमी जाडीची काठी वेगवेगळ्या उंचीवर आडवी धरून. सेन्सर बंद करून दाराचा रेटा स्प्रिंगच्या काट्याने मोजा, १५० न्यूटन म्हणजे साधारण १५ किलो, त्याच्या वर नको. दार उघडं राहण्याची वेळ ५ सेकंदांहून कमी केलेली असते, कारण लिफ्ट ‘जलद’ वाटावी. ती घड्याळ लावून मोजा.

जादा भार: निर्धारित भारापेक्षा १० टक्के किंवा ७५ किलो, यातलं जे जास्त तेवढं वर गेलं की भोंगा वाजला पाहिजे, दार उघडं राहिलं पाहिजे, लिफ्ट हलता कामा नये. माणसं भरू नका, वाळूच्या गोण्या वजन करून ठेवा.

ब्रेक: १२५ टक्के भार ठेवून, निर्धारित वेगाने खाली येताना वीज तोडली की एकट्या ब्रेकने केबिन थांबली पाहिजे. सेफ्टी गिअर (केबिनचा वेग प्रमाणाबाहेर गेला की रेल पकडून थांबवणारी यंत्रणा) आणि गव्हर्नर (तो वेग ओळखणारा भाग) यांची चाचणी कंत्राटदार करतो. ती झाल्यावर रेलवर पकडीच्या खुणा दिसतात. खुणा नसतील तर चाचणी कागदावरच झाली. ०.६८ वेगाला एकदम धक्का देणारा नव्हे, हळूहळू पकडणारा प्रोग्रेसिव्ह सेफ्टी गिअर मागा.

वीज जाणं: दोन मजल्यांच्या मध्ये असताना मुख्य स्विच पाडा. एआरडी या बॅटरीवरच्या यंत्रणेने केबिन जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडलं पाहिजे. रिकाम्या आणि भरलेल्या दोन्ही केबिनने करा. ही इन्व्हर्टरसारखी सोय नाही, एका फेरीपुरतीच बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षांत थकते आणि थकल्याचं वीज जाईपर्यंत कळत नाही. म्हणून दर महिन्याला स्विच पाडून बघायचं. आपत्कालीन दिवा तासभर टिकतो का, तेही त्याच वेळी.

आणि ताबा घेतल्यानंतर केबिनमध्ये काहीही बसवू नका. लोक हौसेने ग्रॅनाइट घालतात. १.४ चौरस मीटरवर १८ मिमीचा ग्रॅनाइट म्हणजे ६८ किलो होतो, बरोबर एक माणूस. आठ माणसांची लिफ्ट तेव्हापासून सातच माणसांची उरते, भोंगा लवकर वाजतो, काउंटरवेटचा तोल बिघडतो, मग मेकॅनिक सेन्सरची मर्यादा वाढवून ठेवतो. दगड हवाच असेल तर ऑर्डरच्या वेळी वजनासकट सांगा.

---

एकास_बारा

एक भर. लॉबीची फरशी बदलायची असेल तर लिफ्टचे उंबरठे बसायच्या आधी बदला. जुन्यावर नवी टाइल चढवली की मसाल्यासह तीस-चाळीस मिमी वाढतात, आणि नव्या लिफ्टच्या दारात कायमचा खड्डा होतो. उंबरठा तयार फरशीपेक्षा दोन-तीन मिमी वर ठेवून बाहेरच्या बाजूला हलका उतार द्या. फरशी पुसतानाचं पाणी शाफ्टमध्ये जात नाही आणि चाकालाही जाणवत नाही.

लिफ्ट बंद राहील तो काळ, महिना-दीड महिना, आधीच ठरवा. खुर्ची वापरणाऱ्या घरांशी बोलून तारखा घ्या. त्या काळात जिन्यावरून न्यायला पट्टे असलेली, दोघांनी धरायची इव्हॅक्युएशन चेअर भाड्याने मिळते. साध्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवू नका, तिचे पाय निघतात.

---

सचिव_सीविंग

ओळंबा सोडून मापं घेतली. शाफ्टचं धरण्याजोगं माप १६७२ × १६२५ निघालं. चौथ्या मजल्यावर मागची भिंत आत आलीय. काउंटरवेट बाजूला घेऊन केबिन किती बसेल?

---

ओळंबा

त्याच हिशोबाने खोली १३१५, रुंदी १०२२. कंत्राटदाराला १३०० × १००० लिहून द्या, म्हणजे थोडी मोकळीक राहते. ९०० चं टेलिस्कोपिक दार तरीही बसतं. मागची भिंत जिथे आत आलीय तिथे तो आधी गिलावा आहे का बघा. बऱ्याचदा वीस मिमीचा फुगलेला गिलावाच असतो आणि तासून जातो. काँक्रीट असेल तर हात लावू नका.